बाकडी वर पोहोचली त्या दिवसाबाबत

अर्जदार : प्रस्तुत लेखक. धंदा अर्जलेखन, शिक्षण नववीपर्यंत, मुक्काम नाशिक, कचेरीसमोरील कडुनिंबाखालचे टेबल.

ज्यांच्याकरिता : जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेच्या बाई.

सामनेवाले : अद्याप निश्चित नाहीत.

काळ : नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षे व त्यापुढील काही.

साक्षीदार : पंचवटीतील एक सुतार; दिंडोरीकडील एका बागायतदाराच्या टेम्पोचा चालक; पाड्यावरील एक म्हातारा, जो आता हयात नाही.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. कागदावर नाव चढले की त्या नावाला नोटीस येऊ शकते, आणि ती बहुधा ज्याने काही केले त्यालाच येते; ज्याने काही केले नाही त्याचे नाव कोठे चढलेलेच नसते. बाईंना आता आणखी एखादा खुलासा लिहावा लागू नये, अशी माझी इच्छा आहे. बाकी मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे क्रमप्राप्त आहे. नववीत शाळा सुटली ती घरच्या कारणाने, बुद्धीच्या कारणाने नव्हे. टंकलेखन मी एका वकिलांच्या माडीवर शिकलो आणि पुढे स्वतःचे यंत्र घेऊन झाडाखाली बसलो. माझा मायना चुकला म्हणून अर्ज परत आल्याचे उदाहरण नाही. पदवीधर मंडळीही माझ्या टेबलाशी उभी राहून, ‘जरा नीट शब्दांत बसवून द्या,’ असे म्हणत. शिक्षक तर हमखास येत. शिकवणाऱ्या माणसाला मागता येत नाही, हे मी तेव्हापासून पाहत आलो आहे. एक तर ते फार लाजून लिहितात, नाही तर एकाच अर्जात फळा, पंखा, संरक्षक भिंत आणि पाण्याची टाकी असे सगळे मागतात. असा अर्ज वाचणारा साहेब काहीच देत नाही, कारण सगळे देणे त्याच्या हातात नसते.

बाई प्रथम आल्या तेव्हा त्यांच्या अर्जातही असेच होते. वयाने लहान, इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, बोलणे स्पष्ट. पाड्यावरच्या त्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका होत्या. मी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला.

“काय झालं भाऊ, चुकलंय का काही?”

“चुकलेलं नाही. पण याला उत्तर येणार नाही.”

“मग येईल असं लिहा ना. त्याचसाठी आलेय मी.”

मी त्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. ती आजही कोणा शिक्षकाला उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवितो. मदत मागताना दारिद्र्याचे वर्णन करू नये. ते वाचून माणूस हळहळतो आणि कागद बाजूला ठेवतो. ज्याच्या आवारात एखादी वस्तू अडचण होऊन पडली आहे, त्याच्याकडे नेमकी तीच वस्तू मागावी, आणि ती आपण होऊन उचलून नेऊ असे लिहावे. एका अर्जात एकच वस्तू. खाली शाळेचा शिक्का. वस्तू मिळाल्यावर आभाराचे पत्र दुसऱ्याच दिवशी, म्हणजे पुढच्या खेपेस दार उघडे राहते.

या रीतीने त्या वर्षभरात आम्ही पुष्कळ मिळविले. रविवार कारंजाजवळच्या छापखान्यातून कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आल्या. त्यावर अक्षरे लिहून बाईंनी वाचनपट्ट्या केल्या. फोटो स्टुडिओवाल्याकडून फिल्मचे रिकामे काळे डबे आले. त्यांत चिंचोके भरून मोजणी शिकविली जाई. कापडवाल्याकडून पुठ्ठ्याच्या नळ्या, शिंप्याकडून रिळे, बँकेकडून मागे कोरी असलेली जुनी कॅलेंडरे. एका मंडळाने वह्या दिल्या, पण वाटपाच्या फोटोत मुलांनी वह्या छातीशी उलट्या धरल्या, म्हणून फोटो पुन्हा काढावा लागला आणि पाहुणे उन्हात थांबले, त्यावरून पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी शाळा निवडली. हेही नोंदवून ठेवतो.

बाई महिन्या-दीड महिन्याने येत. सामान गोणपाटात बांधून एसटीच्या टपावर टाकत. एकदा गाठोडे उचलताना त्या सहज म्हणाल्या, “भाऊ, लोक टाकतात ते सगळं आपल्याला मिळतं. जे कोणी टाकत नाही, ते कुठं मागायचं?”

“उदाहरणार्थ?”

“धान्य,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. भात-नागलीची कापणी उरकली की पाडा रिकामा होई. माणसे दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरत आणि चैत्र सरेपर्यंत वर येत नसत. मोठी मुले आईबापांबरोबर जात. पाड्यापासून डांबरी रस्ता डोंगर उतरून बराच लांब. मजुरांना न्यायला येणारा टेम्पो तिथेच थांबे. तेथपर्यंत डोक्यावर बोजा घेऊन चालायचे असल्याने अगदी लहान मुले, पहिली-दुसरीची, मागे आजी-आजोबांकडे राहत. तेवढीच काय ती हिवाळ्यात शाळेत येत. बाईंचे म्हणणे असे की, मोठ्या मुलांनाही मागे ठेवून घेता आले, त्यांना शाळेतच झोपायला जागा आणि संध्याकाळचे जेवण देता आले, तर त्यांचे वर्ष वाया जाणार नाही. चौथीत एक मुलगी होती. त्या पाड्यावरची चौथीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असे आणि दर वर्षी त्या सुमारास ती बागेत असे. मागची दोन वर्षे बाईंनी ती परतल्यावर तिची परीक्षा आपल्या घरी बसवून घेतली होती, हे त्यांनी आवाज खाली करून सांगितले.

“पालक तयार आहेत?”

“सभा घेतली होती. पाड्यातले जाणते म्हातारबा म्हणाले, थंडीत सारवलेल्या ओल्या जमिनीवर पोरं झोपवून मारायचीत का? बाकडी आण, मग ठेवतो.”

म्हणजे बाकडी बसण्यासाठी आणि रात्री जोडून निजण्यासाठी. आणि धान्य. याच दोन वस्तूंवर त्या मुलीची चौथी अवलंबून होती. मी त्याच वेळी दोन स्वतंत्र अर्ज तयार केले. धान्याचा अर्ज शिक्षण खात्याच्या संबंधित कार्यालयास: पालक बाहेरगावी असण्याच्या काळापुरती मुलांच्या निवासाची परवानगी व शिध्याची तरतूद व्हावी. तो माझ्या आयुष्यातील चांगल्या अर्जांपैकी एक होता. बाई स्वतः जाऊन आवक शिक्का घेऊन आल्या.

बाकड्यांचा अर्ज अंबडच्या एका कारखान्याला. तेथे परदेशी यंत्रे येत ती देवदाराच्या लाकडाच्या भल्या मोठ्या खोक्यांतून, आणि ती खोकी फोडून आवारात रचून ठेवलेली असत. मी एवढेच लिहिले की, आपल्या आवारातील जागा मोकळी करून देण्यास आम्ही तयार आहोत. आठवड्यात होकार आला. पंचवटीतला एक सुतार माझ्या ओळखीचा होता. उरलेले लाकूड त्याने ठेवावे, या बोलीवर त्याने बाकडी करून दिली. जाड पाय, रुंद फळी, मूल आडवे झाले तर पडणार नाही अशी. फळ्यांवर कुठे कुठे परदेशी अक्षरे राहिली होती. बाई त्यांवरून हात फिरवीत म्हणाल्या, “रंधा मारू नका मिस्त्री, असू द्या. पोरं विचारतील, मी सांगेन.”

बाकडी तयार झाली, पण वर न्यायची कशी? ट्रकवाले त्या वाटेला येण्यास तयार नव्हते. बाकडी सुताराच्या अंगणात पडून राहिली आणि वर कापणी सुरू झाली. सुतार दर दोन दिवसांनी निरोप पाठवी, “लेखकसाहेबांना सांगा, बायको धुणं कुठं वाळवणार?”

त्या सुमारास दिंडोरीकडचे एक बागायतदार विहिरीच्या मोटारीच्या वीजजोडणीसाठी माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आले. बोलके गृहस्थ.

“लेखकराव, फार पाणी घालू नका अर्जात,” ते म्हणाले. “वायरमनला कळलं पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही असं लिहिलं, त्याला वाटलं मी मेलोबिलो.”

“अर्ज गंभीर असावा लागतो.”

“गंभीर असू द्या हो, पण तेराव्याचं पत्र नको.”

बोलता बोलता समजले की मजूर आणण्यासाठी त्यांचा टेम्पो त्याच डोंगरपट्ट्यात जाणार आहे, आणि जाताना रिकामा जातो. मी बाकड्यांविषयी सांगितले. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

“रिकामीच जाते गाडी. बाकडी काय, शाळा म्हणाल तर शाळाच नेऊन ठेवू. फक्त बाकड्यावर आपलं नाव लिहा हं, सप्रेम भेट.”

नावाचे मी मान्य केले. फुकट मिळणाऱ्या वस्तूंत वाहतूक ही सर्वांत दुर्मिळ, आणि ती मी एका अर्जाच्या बोलण्यातून मिळविली होती. मला त्या दिवशी जे समाधान वाटले ते मी येथे लपवीत नाही. बाई पुढच्या खेपेस आल्या तेव्हा मी त्यांना उभ्या उभ्याच ही बातमी दिली.

“गाडी कुठपर्यंत येणार भाऊ?”

“थेट शाळेच्या दारात. बाकडी डोक्यावरून न्यायची म्हणजे मोडतील. वाटेतल्या ओढ्यात दगड भरून वाट करून घ्या, असं पाड्यावर सांगा.”

“दारात,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, “बरं. येऊ द्या.”

मी स्वतः बरोबर गेलो. अर्जलेखकाने अर्जाचा निकाल डोळ्यांनी पाहावा, असा प्रसंग क्वचितच येतो. मार्गशीर्षातला दिवस होता, हवा कोरडी आणि गार. पाड्यावरच्या माणसांनी ओढ्यात खरोखरच दगड भरले होते, झुडपे तोडली होती, चढावर माती ओढली होती. कापणीच्या दिवसांत वेळ काढून त्यांनी हे केले होते. जिथे बैलगाडी अडखळे तिथून टेम्पो गेला. मुले मागून धावत आली. बाकडी उतरविली, दोन रांगा लावल्या, मधे जाण्यापुरती वाट ठेवली. मुले बसली. उंचावर बसल्याने त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते हलवून पाहत होती. चौथीतली मुलगी पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसली. तिने पाटी समोर ठेवली, आणि बाई काय लिहिणार म्हणून फळ्याकडे पाहू लागली.

बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली, वार लिहिला. तेवढ्यात चालकाने हॉर्न दिला.

मी बाहेर आलो. शाळेच्या पटांगणात बोचकी येऊन पडली होती. पातेली, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. माणसे आधीच तयार होती. हे मला अपेक्षित होते. टेम्पो मजुरांसाठीच आला होता. मला अपेक्षित नव्हते ते हे की, बायका शाळेत शिरून मुलांना दंडाला धरून उठवू लागल्या. मोठ्यांना आणि लहानांनाही.

बाई दारात उभ्या राहिल्या. “म्हातारबा, तुम्ही शब्द दिला होता,” त्या म्हणाल्या.

म्हातारा मुलाच्या मुलाला कडेवर घेऊन उभा होता. “दिला व्हता बाई. मी नाय म्हनत नाय.”

“बाकडी आणली की.”

“आनली. लय चांगली आनली.” तो बाकड्यांकडे पाहत म्हणाला. “पन गाडी दारात आली ना. बारकी चालायची नाय म्हनून ठिवत व्हतो. आता चालायचं कुठं हाय?”

“आणि मोठी? तिची चौथी आहे यंदा.”

मुलीची आई पुढे आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “बाई, तुमी एकल्या. रातचं कोनाला ताप आला तं तुमी काय कराल? आन् खायाचं? शिधा आला का?”

शिधा आला नव्हता. त्या अर्जाचे उत्तर आले नव्हते.

“संगं असली का नजरंसमोर तरी असती,” मुलीची आई म्हणाली.

चालक स्टिअरिंगवरून ओरडला, “आवरा, उजेडात घाट उतरायचाय. आणि बारकी पोरं येऊ द्या हो, मालक काय बोलत नाय. मणी विरळायला बारीक बोटंच लागतात.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : द्राक्षाचा घड दाट झाला की आतले मणी कात्रीने कमी करावे लागतात, म्हणजे उरलेले मोठे होतात. घडात मोठ्या माणसाचे बोट जात नाही.

मुलगी बाकाची कड धरून बसली होती. ती रडली नाही. फक्त हात सोडीना. आईने एकेक बोट सोडवले. बाई पाठमोऱ्या झाल्या आणि फळा पुसू लागल्या, नुकताच लिहिलेला. मुलीची पाटी बाकावर तशीच राहिली.

परत येण्यास मला दुसरे वाहन नव्हते. मी पुढे चालकाशेजारी बसलो. मागे गर्दी झाली म्हणून कोणीतरी एक पहिलीतला मुलगा माझ्या मांडीवर दिला. त्याच्या मुठीत फिल्मचा एक डबा होता. आत चिंचोके खुळखुळत होते. ओढ्यातल्या दगडांवरून गाडी उतरली तेव्हा त्याने विचारले, “बाई मागून येनार का?”

“येतील,” मी म्हणालो. अर्जात खोटे लिहायचे नाही, हा माझा नियम आहे. बोलण्याला तो मी त्या दिवशी लावला नाही.

पेठ नाक्याच्या अलीकडे मी उतरलो, मूल झोपले होते, ते चालकाच्या शेजारी आडवे केले आणि मफलर अंगावर टाकून आलो. गाडी दिंडोरीकडे गेली.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. त्या हिवाळ्यात बाईंच्या शाळेत एकही मूल उरले नाही. एरवी जी लहान मुले मागे राहत, तीही गेली होती. बाई रोज शाळा उघडून बसत. माघात तपासणी झाली. साहेबांनी बाकडी पाहिली, त्यांवरून बोट फिरवले, आणि शेऱ्यात लिहिले की फर्निचर मुबलक असून विद्यार्थी अनुपस्थित आहेत, सबब शाळेची आवश्यकता तपासून पाहावी. शाळेच्या दारापर्यंत केलेली वाट पाड्याने मोडली नाही, कारण ती खरोखर सोयीची होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या बागायतदारांचे टेम्पोही थेट शाळेपर्यंत येऊ लागले. त्याच्या पुढच्या वर्षी शाळा दरीपलीकडच्या शाळेला जोडण्यात आली. लहान मुलाला तेथे चालत जाता येत नाही. बाकडी खाली कोठेतरी भांडारात गेली. बाईंची बदली झाली.

चौथीतल्या मुलीचे काय झाले, हे मला नक्की माहीत नाही. बाईंना माहीत आहे, पण मी विचारले तेव्हा त्यांनी दुसराच विषय काढला, आणि मी पुन्हा विचारले नाही.

गाडी वर रिकामी जाणारच होती. मजूर खाली उतरणारच होते. यात कोणाकडून काही बेकायदा घडले असे मला म्हणता येत नाही. बागायतदारांनी मदतच केली, कारखान्याने मदत केली, सुताराने केली, मीही केली. पाड्याने वाट केली ती शाळेसाठीच केली. बाईंनी मला कधी दोष दिला नाही. बदलीच्या वेळी त्या टेबलाशी आल्या होत्या, हातात पिशवी, तीत वाचनपट्ट्यांचा गठ्ठा. म्हणाल्या, “भाऊ, शिध्याच्या अर्जाचं काही आलं असेल तर कळवा.” मी कळवितो म्हणालो. त्यानंतर मी स्वतःहून स्मरणपत्रे पाठविली, माझ्या खर्चाने, पूर्ण संदर्भासह. उत्तर आले नाही. त्या पदावर जे साहेब होते ते बदलले, त्यांच्या नंतरचेही बदलले. झाडाखालच्या माझ्या टेबलासमोर संगणकवाले आले आणि माझ्याकडे येणारी माणसे कमी झाली, तरी स्मरणपत्रे मी चालू ठेवली.

अलीकडे, म्हणजे नव्या शतकाची पहिली काही वर्षे उलटल्यावर, मला असे समजले की बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांच्या मुलांना हंगामापुरते गावातच ठेवून जेवण देण्याची सोय आता काही ठिकाणी होऊ लागली आहे. मी त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या लिपिकाने माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

“चांगली सोय आहे काका,” ते म्हणाले. “पण चालू शाळांसाठी आहे. तुमची शाळा चालू आहे का?”

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग अर्ज करता येणार नाही.

शाळा चालू राहावी म्हणून जी वस्तू मागितली होती, ती आता शाळा चालू असल्यासच मिळते, याला अर्जाच्या भाषेत काय म्हणावे हे मला सुचलेले नाही. माझ्याकडे त्या मुलीची पाटी नाही, बाकडी नाहीत, शाळाही नाही. फक्त तो अर्ज पोहोचला होता एवढे मला माहीत आहे, कारण शिक्का मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

सबब, हा मजकूर वाचणाऱ्या कोणाही अधिकारी व्यक्तीस माझी विनंती आहे, आणि ही विनंती मी बाईंच्या वतीने व पूर्ण शुद्धीत करीत आहे. बाकड्यांविषयी आमची कोणतीही मागणी नाही. ती जेथे असतील तेथे कोणाचे तरी मूल त्यांवर बसावे. शाळा पुन्हा सुरू करावी, असे म्हणण्यासही आता त्या वयाची मुले पाड्यावर राहिलेली नाहीत. मागणी इतकीच की, मुलांच्या शिध्याविषयी त्या वर्षी कापणीच्या आधी दिलेल्या अर्जास होकार किंवा नकार, जे असेल ते, लेखी कळवावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. ते थेट बाईंच्या पत्त्यावर न पाठविता माझ्याकडे द्यावे. टेबल त्याच झाडाखाली आहे. त्यांना ते मी स्वतः वाचून दाखवीन.